फवारलं नसतं तर? गव्हाच्या रोग-कीड चाचणीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या हंगामात सव्वा एकर गव्हावर तांबेऱ्याचं आणि माव्याचं औषध एकाच पंपातून मारलं. उतारा चांगला पडला. बांधापलीकडे चुलत्यांनी काहीच मारलं नाही, त्यांनाही तेवढाच पडला. मग माझ्या औषधानं केलं काय? (शिरूर)

उत्तर : हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण तुमच्या रानात न फवारलेला एकही तुकडा उरला नव्हता. चुलत्यांचं रान त्यासाठी धरता येत नाही. त्यांचं वाण, पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, युरियाचा हात, सगळं वेगळं असणार. शिवाय त्यांच्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस ६४७८ सारखं तांबेऱ्याच्या बुरशीला दाद न देणारं वाण असेल, तर बुरशीनाशकाला तिथं कामच नव्हतं.

यंदा सात-आठ गुंठे बाजूला काढा आणि चार प्रकार ठेवा : नुसतं पाणी, फक्त बुरशीनाशक (तांबेऱ्यासाठी), फक्त कीटकनाशक (माव्यासाठी), दोन्ही. प्रत्येक प्रकार पाच वेळा, म्हणजे वीस वाफे. पाचच का? प्रकारांतून एक वजा, पुनरावृत्तींतून एक वजा, दोन्हींचा गुणाकार किमान १२ यावा असा संख्याशास्त्राचा दंडक आहे. तीन गुणिले चार बारा. चार पुनरावृत्तींवर भागवलंत तर नऊच येतात आणि खरा फरकही धूसर होतो.

नऊ इंची पाभरीच्या वीस ओळी म्हणजे साडेचार मीटर. लांबी पाच मीटर धरा, वाफा साडेबावीस चौरस मीटरचा होतो. मधे मीटरभर वाट सोडा. पाटाजवळचा गहू नेहमी जोरात असतो, शेवटाकडचा उपाशी. म्हणून पाटापासून सारख्या अंतरावरचे चार वाफे मिळून एक गट करा, असे पाच गट, आणि प्रत्येक गटात कोणत्या वाफ्याला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘न फवारलेला बांधाकडेलाच बरा’ हा मोह हमखास होतो. बांधाकडेला उंदीर आणि झाडाची सावली असते; तिथला घाटा तुम्ही रोगाच्या नावावर मांडाल.

फवारणीला हेक्टरी ५०० लिटर पाणी धरलं, तर एका वाफ्याला सव्वा लिटरच्या आतच लागतं. पाच वाफ्यांना साडेपाच-पावणेसहा. पंपाच्या तळाशी थोडं राहतंच, म्हणून साडेसहा लिटर बनवा. त्यात बुरशीनाशक म्हणून प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी साडेसहा मिली, बिनसुईच्या सिरिंजनं मोजून. झाकणानं मोजू नका. कीटकनाशक थायमेथोक्झाम २५ टक्के डब्ल्यूजी दहा लिटरला १ ग्रॅम, म्हणजे इथं ०.६५ ग्रॅम, एवढं घरच्या काट्यावर तोलता येत नाही. ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १३० मिली पंपात घाला आणि उरलेल्या पाण्यानं साडेसहा लिटर पुरे करा. कोऱ्या वाफ्यावर तेवढंच साधं पाणी मारा, नाहीतर पिकात फिरण्यानं झालेली मोडतोड फक्त औषधाच्या वाफ्यांत राहील. फवारणी साध्या पाण्याच्या वाफ्यांपासून सुरू करा आणि प्रत्येक औषधानंतर तीनदा विसळा. सकाळी वारा पडलेला असताना, शेजारच्या वाफ्याच्या बाजूनं ताडपत्री धरून मारा. तुषार पलीकडे गेला की कोरा वाफा कोरा राहत नाही.

काढणीला दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडा. उरतात १४.४ चौरस मीटर. तेवढ्याचीच वेगळी मळणी करून वजन घ्या. इथला १ किलो म्हणजे एकरी २.८१ क्विंटल. म्हणजेच काट्यात १०० ग्रॅमची चूक झाली की एकरी २८ किलोंचा फरक! समजा औषध-मजुरी मिळून एकरी ९०० रुपये गेले आणि गहू ३,००० रुपये क्विंटलनं विकला, तर खर्च निघायला ३० किलोच जास्त पिकायला हवेत. काटा सैल असेल तर सगळा हिशेब तिथंच बुडाला. पोती मोजून ‘साधारण एवढंच’ म्हणणं चाचणीला चालत नाही. दाणे सारखेच वाळू द्या आणि जमलं तर प्रत्येक वाफ्यातले हजार दाणे मोजून तोला. तांबेरा आणि मावा दोघेही मुख्यतः दाणा भरण्यावर घाला घालतात. तो घाटा हजार दाण्यांच्या वजनात दिसतो.

प्रश्न : पानं पिवळी पडली. दुकानदार म्हणतात पिवळा तांबेरा. (जुन्नर)

उत्तर : बहुधा नाही. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी लागते; तो हिमालयाच्या पायथ्याचा आणि पंजाब-हरियाणाचा रोग, आपल्या उन्हात टिकत नाही. आपल्याकडे दोनच : पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा. दोघांचे बीजाणू दक्षिणेकडून, निलगिरी-पलनीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतात. गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे ते उगाच नाही.

पान बोटांत धरून चोळा. बोटाला विटकरी-नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. फोड गोल, विखुरलेले, पानाच्या वरच्या बाजूला असतील तर नारिंगी. खोडावर आणि पानाच्या खोडाला वेढणाऱ्या भागावर लांबट फोड, त्यांच्या कडेला साल फाटून बोटाला खरखरीत लागत असेल तर काळा. भुकटीच नसेल तर नत्राची उणीव, साचलेलं पाणी किंवा करपा शोधा.

एक सूचना : फवारल्यावरही आठवडाभर नवे फोड दिसू शकतात. बीजाणू पानात शिरल्यापासून फोड फुटेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस जातात, ते आधी शिरलेलेच असतात. ‘औषध बोगस निघालं’ म्हणून तिसऱ्याच दिवशी दुसरं मारणारे इथंच फसतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांत प्रोपिकोनॅझोलसाठी ३० दिवस हवेत.

प्रश्न : वाणांच्या चाचणीत ‘२० एस’, ‘४० एमएस’ असं लिहिलेलं असतं. (बारामती)

उत्तर : आकडा रोगाची तीव्रता टक्क्यांत, अक्षरं झाडाचा प्रतिसाद. एस म्हणजे रोगाला बळी पडणारं, एमएस मध्यम बळी पडणारं, एमआर मध्यम प्रतिकारक, आर प्रतिकारक. त्यांचे गुणक अनुक्रमे १, ०.८, ०.४ आणि ०.२. म्हणून ‘४० एमएस’ची किंमत ३२ आणि ‘२० एस’ची २०; म्हणजे ‘४० एमएस’चं वाण त्या दिवशी जास्त रोगट. गंमत म्हणजे या मोजपट्टीवर १०० टक्के लिहिलं, तरी पानाचा प्रत्यक्षात ३७ टक्केच भाग फोडांनी व्यापलेला असतो. त्यामुळे सवय नसलेला माणूस डोळ्यांच्या अंदाजानं भलतंच लिहून बसतो. एकाच माणसानं, रोगाच्या टक्क्यांची चित्रं असलेली पट्टी हातात धरून, दर आठवड्याला नोंद घ्यावी आणि कोणत्या वाफ्यात काय मारलंय हे त्याला सांगू नये.

प्रश्न : ओंबीत दाण्यांऐवजी काळी भुकटी. काय फवारू? (पुरंदर)

उत्तर : काही नाही. ही काणी, ती गेल्या वर्षीच्या फुलोऱ्यात बियाण्याच्या आत शिरून बसलेली आहे. काळी ओंबी पिशवीत झाकून मगच झाड उपटा, उघडी हलवलीत तर भुकटी शेजारच्या फुलांवर जाईल. पुढच्या पेरणीला बियाण्याच्या किलोमागे कार्बोक्सिन अधिक थायरम ७५ टक्के, ३ ग्रॅम चोळा. एकट्या थायरमचा उपयोग नाही, ते दाण्यावरच राहतं. ॲझोटोबॅक्टर हे जिवाणूखत लावायचं असेल तर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : ढग आले की मावा येतो. लगेच मारावं का? (दौंड)

उत्तर : आधी मोजा. रानाच्या वेगवेगळ्या जागच्या वीस ओंब्या पाहा; ओंबीमागे सरासरी पाचच्या आत मावा असेल तर थांबा. लाल-काळे ढालकिडे आणि त्यांच्या करड्या अळ्या दिसत असतील तर चार दिवसांनी पुन्हा मोजा. पाचच्या वर गेला आणि दाणा अजून चिकात असेल, तर मारा. चिक घट्ट झाल्यावर मारलेलं औषध माव्याला लागतं, उताऱ्याला नाही.