‘एपिडेमिक फेल्युअर’चं कलम पहिल्यांदा लिहिताना

पहिलाच पुरवठा करार ना? मग या कलमाला जरा जास्त वेळ द्या. सुटा नग बिघडला तर साधी वॉरंटी पुरते. एकाच मूळ कारणाने मालच्या माल बिघडू लागला, की हे कलम कामी येतं.

आधी एवढंच बघा:

- किती टक्के नग बिघडले की कलम लागू होणार, आणि तो टक्का कशावर मोजायचा? 10,000 नगांत 300 बिघडले तर 3%. तेच 300 एका 1,000च्या लॉटमधले असतील तर 30%! नवखे इथेच फसतात, म्हणून आधार स्पष्ट लिहा.
- कलमाची मुदत. असे दोष वॉरंटी संपल्यावरही वर येतात.
- माल परत मागवण्याचा, वाहतुकीचा, मजुरीचा खर्च कोणाचा?

नावात ‘एपिडेमिक’ असलं तरी साथीचा रोग वेगळा. त्याची जागा फोर्स मेज्योरमध्ये, म्हणजे हाताबाहेरच्या आपत्तींच्या कलमात. भरपाईच्या मर्यादेचं नंतर बघू. मसुदा झाला की दाखवा, मी नक्की वाचेन.