समाजशास्त्रात एम.ए. झालंय, पीएच.डी. बाहेर करायची आहे, पैसे नाहीत

तू विचारलंस ते थोडक्यात असं. राणी चन्नम्मा विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए., नेट पास पण जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) थोडक्यात हुकली, गाव खानापूर तालुक्यात. घरचे म्हणतात शेत तारण ठेवून कर्ज काढू. बेळगावातली एक कन्सल्टन्सी पैसे घेऊन ‘युरोपात पीएच.डी.ची सीट’ मिळवून देते म्हणते. शिवाय दोन शंका: सीमाभागावरचा विषय घेतला तर बाहेर कुणी विचारेल का, आणि कर्नाटकाच्या कागदपत्रांवर महाराष्ट्राच्या योजना मिळतील का. मी तुझ्याच तालुक्यातला, जर्मनीत पीएच.डी. करून इथेच पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरचं संशोधन) करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेताचं. ते तारण ठेवू नका. आपल्या विषयातली पीएच.डी. कर्ज काढून करायची नसते. इंजिनिअरिंगची पोरं मास्टर्सला कर्ज काढतात आणि नोकरी लागली की फेडतात. समाजशास्त्रात डॉक्टरेटनंतरही पहिली काही वर्षं मुदतीच्या करारांवर जातात, त्यात हप्ते कुठून भरणार? गावी गेलो की मला अजून विचारतात, ‘अजून शिकूलास काय?’ फी आणि पोटापुरते पैसे दुसरा कुणी देत नसेल, तर ते अ‍ॅडमिशन सोडून द्यायचं, विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो.

आणि कन्सल्टन्सीचं. पीएच.डी.ला ‘सीट’ नावाची वस्तूच नसते. एजंटला कमिशन मिळतं ते फी भरणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यामागे. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे पीएच.डी. म्हणजे सरळ नोकरी: विद्यापीठ जाहिरात काढतं, तू अर्ज करतेस, मुलाखत होते, निवड झाली की तीन-चार वर्षं पगार. जर्मनीतही अशा जागा असतात, टीव्ही-एल ई-१३ या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीत. फक्त सामाजिक शास्त्रांत पूर्ण जागा सहसा नसते, अर्धी किंवा पाऊण असते. पगार अर्धा मिळतो, काम किती ते विचारू नकोस. दुसरा रस्ता म्हणजे आधी प्राध्यापक गाठायचा आणि त्याच्या होकारावर डाडची (जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा) शिष्यवृत्ती मागायची. डाडचं कार्यालय दिल्लीत आहे, अर्ज ऑनलाइन असतो. एम.ए. होऊन साधारण सहा वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना नागरिकत्वाची अट नाही. मुख्य अट ही, की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस. भारतातून थेट जाणाऱ्याची ती आपोआप पूर्ण होते.

इंग्लंडचं गणित वेगळं आहे. तिथल्या सरकारी संशोधन मंडळांच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या झाल्या, पण एका तुकडीत ३० टक्क्यांपर्यंतच. शिवाय मंडळ फी देतं ती तिथल्या विद्यार्थ्याच्या दराने. वरचा फरक विद्यापीठ माफ करतं का, हे अर्जाआधीच विचारून घे. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंगमध्ये भारतीयांसाठी आहे. इनलॅक्स शिष्यवृत्ती वयाची तिशी गाठायच्या आत मागायची, आणि आधी प्रवेश हातात लागतो. चेव्हनिंगचं नाव तू घेतलंस, ते यादीतून काढ. ती एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं.

अमेरिकेत चांगल्या विभागांत प्रवेश आणि पाच वर्षांचा निधी एकत्रच मिळतो. अर्ज डिसेंबर-जानेवारीत संपतात, प्रत्येक अर्जाला फी असते, ती माफ करून मागता येते. लाजू नकोस, मागच.

आता खरा मुद्दा, तुझा विषय. तू पाठवलेलं शीर्षक आहे, ‘सीमाभागातील मराठी भाषिकांवरील अन्याय : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. मला त्यातला कळवळा कळतो. माझ्या घरातही १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतात. पण हे शीर्षक निवेदनाचं आहे. अन्याय झाला हे तू आधीच ठरवलंयस, मग तीन वर्षं शोधणार काय? निवड समितीवरच्या माणसाला सीमावादावरचा महाजन आयोग माहीत नसतो, महाराष्ट्र दावा सांगतो ती ८६५ गावं माहीत नसतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे हेही माहीत नसतं. तो एवढंच बघतो की या मुलीला असा काही प्रश्न पडलाय का, ज्याचं उत्तर तिलाही अजून ठाऊक नाही.

तुझ्याच पत्रात तो प्रश्न आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जाता जाता लिहिलेला: थोरला भाऊ मराठी शाळेत शिकला, तू मराठीतून सुरू करून हायस्कूलला कन्नड घेतलीस, धाकटा पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या तीन भावंडांची तीन माध्यमं. हा निर्णय घरात कोण घेतं? आई, आजोबा, की तालुक्याला नोकरी करणारा काका? मुलीसाठी वेगळा आणि मुलासाठी वेगळा होतो का? यामागे कागदावरचा इतिहासही भक्कम आहे. मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल घटनेचं ३५०-अ कलम आहे. चौथीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड माध्यम सक्तीचं करणारं कर्नाटकाचं १९९४ चं भाषा धोरण आहे, ती सक्ती घटनाबाह्य ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा मे २०१४ चा निकाल आहे, आणि शाळांत कन्नड भाषा शिकवणं बंधनकारक करणारा २०१५ चा कायदा. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल आहेत. मागे जायचं असेल तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी कागदपत्रं बेंगळुरूपेक्षा मुंबईत शोधावी लागतात. असा प्रस्ताव वाचून भाषेच्या राजकारणावर काम करणारा ओस्लोतला माणूसही खुर्चीत सरसावून बसेल. अन्याय असेल तर तो त्यातून दिसेलच, तुला वेगळा ओरडून सांगावा लागणार नाही.

भाषा नको असेल तर निपाणीच्या विडी कामगार बायका आहेत, शहापूर-वडगावचे मागवाले आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीवर उभी राहिलेली गावं आहेत. यातल्या कशावरही काम करायला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारं, बोलणारं माणूस लागतं, आणि तशी माणसं बाहेरच्या विद्यापीठांत फार थोडी. मराठी मुलखाचा अभ्यास इथे नवा नाही. खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घालवणारे गुंथर सोंथायमर हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतच शिकवत. गॉटिंगेनलाही आधुनिक भारताच्या अभ्यासाचं केंद्र आहे. तुझ्या अर्जात ‘भाषा’ या रकान्यात तू फक्त इंग्रजी लिहिलं होतंस! मराठी, कन्नड, कोंकणी कळते तीही लिही. मोडी शिकलीस तर तेही लिही.

प्राध्यापकाला पहिला मेल छोटा ठेव. ‘आदरणीय सर, मी अत्यंत नम्रतापूर्वक’ वगैरे नको. पहिल्या दोन वाक्यांत तुझा प्रश्न, मग त्यांचा कोणता लेख वाचलास आणि त्यातलं काय तुझ्याकडे लागू पडतं किंवा पडत नाही, मग निधी कुठून मागणार आहेस, आणि सोबत दोन पानी प्रस्ताव. एकच मेल चाळीस जणांना पाठवलेला असला की लगेच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एक आठवण कर, मग पुढचा माणूस. गप्प बसणं हा इथे अपमान समजू नकोस.

शिफारसपत्रांचं आत्ताच बघ. आपल्याकडे सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, सही करतो.’ बाहेर बहुतेक ठिकाणी पत्र सरांनी स्वतः अपलोड करायचं असतं, आणि जीमेलवरून आलेल्या पत्राकडे जरा संशयाने बघतात. विद्यापीठाचा ईमेल चालू करायला सरांना आतापासून गोडीगुलाबीने लाग. त्याला महिने जातात.

महाराष्ट्राच्या योजनांबद्दल: परदेशी फेलोशिपना तू भारतीय आहेस एवढं पुरतं. राज्याच्या योजना अधिवासावर चालतात, आणि मराठा समाजासाठीच्या सारथीसारख्या संस्था महाराष्ट्राचा अधिवास मागतात. ८६५ गावांना काही सवलती आहेत, पण त्या तुला हव्या त्या योजनेला लागू आहेत का, हे लेखी विचार, तोंडी उत्तरावर फी भरू नकोस. तुझ्या मैत्रिणीसाठी: अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास वगळले. ताजी नियमावली वाचूनच तिने विषय ठरवावा.

कागदपत्रं. दाखल्यावर बेलगाम आणि पदवीवर बेळगावी असेल तर २०१४ च्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत सोबत ठेव. मार्कशीटवर आद्याक्षरं उलटसुलट असतात, ती पासपोर्टशी जुळव. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून) आलेले कन्नड दाखले इंग्रजीत भाषांतरित करून घे. जर्मन व्हिसासाठी, पत्ता कर्नाटकातला असेल तर बेंगळुरू. मुंबई कितीही सोयीची वाटली तरी तिथे घेणार नाहीत.

आणि लगेच जमलं नाही तर? पुन्हा जेआरएफ दे, २०२३ पासून महिना ३७,००० आहेत. धारवाड किंवा कोल्हापुरात नोंदणी कर. नोंदणीला वर्ष झालं की फुलब्राइट-नेहरूच्या डॉक्टरल संशोधनासाठी अर्ज करता येतो, सहा ते नऊ महिने अमेरिकेत. डाडच्या कमी मुदतीच्या संशोधन शिष्यवृत्त्याही आहेत. डॉक्टरेट भारतात करून नंतर बाहेर पडणाऱ्यांना जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पदवीनंतर चार वर्षांच्या आत आणि ब्रिटिश अकादमीची इंटरनॅशनल फेलोशिप (पूर्वीची न्यूटन) सात वर्षांच्या आत मागता येते. घरी आजारी आई आहे म्हणालीस, तर मला हा रस्ता वाईट वाटत नाही.

तीन माध्यमांवरचा दोन पानी मसुदा लिहून पाठव, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. मे महिन्यात पाठवलास तर डिसेंबरच्या अर्जांपर्यंत चार-पाच वेळा फिरवून होईल.