नाशिकमध्ये स्वस्तातला ब्ल्यू-रे प्लेयर, वायफाय आणि स्ट्रीमिंगवाला, कुठला घ्यावा?

स्ट्रीमिंगसाठी प्लेयरवर जास्तीचे पैसे घालू नका राव, माझ्याकडच्या प्लेयरमधले ॲप दोनेक वर्षांत अपडेट व्हायचे बंद झाले, नुसता लोगो फिरत राहायचा. साधा प्लेयर घ्या आणि टीव्हीला फायर स्टिक (स्ट्रीमिंगसाठी टीव्हीला लावायचं छोटं यंत्र) लावा, ती बिघडली तर तेवढीच बदलता येते. एमजी रोडला दुकानात जाताना घरची एखादी डिस्क सोबत न्या आणि तिथंच लावून बघा, कारण ब्ल्यू-रेसाठी जगाचे रीजन म्हणजे विभाग पाडलेत, भारत रीजन सी मध्ये येतो आणि अमेरिकेहून कुणी आणलेला प्लेयर रीजन ए चा असतो, मग इथली रीजन सी ची डिस्क त्यात चालतच नाही. डिस्कच्या कव्हरच्या मागं बारीक चिन्हात रीजनचं अक्षर असतं ते बघा. आणि हो, फोरके (4K) डिस्क साध्या ब्ल्यू-रे प्लेयरवर लागत नाही.