हुंकार थांबला की गोष्ट थांबवायची

"माझी आजी रोज गोष्ट सांगायची. मला ते जमत नाही आणि लेक मोबाइलशिवाय झोपत नाही." साडेचार वर्षांच्या मुलीची आई हे सांगताना रडत होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नोकरी करणाऱ्या कितीतरी आयांची हीच खंत असते.

आजीची कोणती गोष्ट आठवते, असं विचारल्यावर तिला चिऊ-काऊची तेवढी आठवली. बाकीचं मात्र भराभर आठवत गेलं: धुऊन धुऊन मऊ झालेली गोधडी, पाठीवरून फिरणारा खरखरीत हात आणि "हूं म्हण गं, नाहीतर मीच झोपते" हा लटका दम. म्हणजे आजीकडे गोष्टींचा मोठा साठा नव्हताच. तीच जागा, तीच वेळ, तीच गोष्ट, एवढंच होतं, आणि ते या आईलाही जमण्यासारखं होतं.

तिच्या घरी मोबाइल साडेदहाला हातातून काढून घेतला जाई आणि मग गोष्ट सुरू होई. तोवर पेंगून चिडचिडी झालेल्या मुलीला ती शिक्षाच वाटे. शिवाय रोज नवं पुस्तक, आणि शेवटी "यातून काय शिकलीस?" प्रश्न आला की डोळे टक्क उघडे.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. ही मुलगी दुपारी झोपत नाही, सकाळी 7 ला उठते. म्हणून 9 पर्यंत झोप लागायला हवी. मोबाइल 8 ला बंद, मग जेवण, दात, 8.40 ला अंथरूण, लहान दिवा.

गोष्ट आठवडाभर एकच. चिऊ-काऊ यासाठी उत्तम, कारण दार वाजत राहतं आणि चिऊ म्हणत राहते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते", "थांब, माझ्या बाळाला तीट लावते". पुढचं वाक्य मुलीने म्हणायचं. दर वेळी आवाज थोडा खाली, थोडा संथ. काही घरांत शेवटी काऊ तव्यावर भाजतो. रात्री तो भाग गाळावा. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट दुपारी सांगावी, वाघाच्या डरकाळीने मुलं ताजीतवानी होतात. हुंकार विरळ झाला की थांबायचं, गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल.

पहिल्या तीन रात्री रडारड झाली. हे होतंच. मात्र "आजच्या दिवस" म्हणून मोबाइल दिला, की पुढची रडारड लांबते. रडून मिळतं हे मूल शिकतं. आईने शेजारी पडून, वाद न घालता, पाठीवर हात ठेवायचा एवढंच ठरलं होतं. (मूल रोज घोरत असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.)

तिसऱ्या आठवड्यात आईला उशीर झाला, तेव्हा बाबांनी गोष्ट सांगितली. त्यांनी तीट विसरून बाळाला पावडर लावली. मुलगी उठून बसली, "बाबा, आधी तीट!" म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.