मे महिन्यात नागपूरला दुपारचं लग्न आहे. सूट शिवून घ्यायचाय, हलकं कापड कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की लग्न सख्ख्या बहिणीचं आहे, तुम्ही पुण्याहून येणार, आणि तिकडच्या दुकानदाराने "दोनशे ग्रॅमचं आहे, अंगावर कळणारसुद्धा नाही" म्हणत एक पीस समोर टाकलाय. मी नागपुरात कोट-पँटचं कटिंग करतो. मेमधल्या लग्नांचे कोट दरवर्षी हातून जातात, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

आधी ते दोनशे कशाचे, ते विचारा. सूटिंगचं वजन दोन तऱ्हांनी सांगतात: चौरस मीटरला, नाहीतर रनिंग मीटरला, म्हणजे थानातून मीटरभर फाडलं तर तेवढ्या तुकड्याचं. सूटिंगचा पन्हा साधारण १५० सेंटिमीटर असतो. म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड रनिंग मीटरला ३०० भरतं, आणि ते बाराही महिने चालणारं कापड झालं, उन्हाळी नव्हे. उन्हाळ्यासाठी रनिंग मीटरला २३० ते २७० ग्रॅम बघा. २०० च्याही खाली गेलात तर पँटचा फॉल जातो, गुडघ्याला पोक येतो आणि घाम आला की मांडीला चिकटून बसते.

पण वजनापेक्षा वीण महत्त्वाची, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पीस उलगडा, एकेरी करा आणि उजेडाकडे धरा. धाग्यांमधून बारीक बारीक उजेड झिरपला पाहिजे. मग कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडे तळहात ठेवा. हवा हाताला लागली तर पीस बाजूला काढून ठेवा. नाही लागली तर वजन कितीही कमी असो, परत द्या. साध्या उभ्या-आडव्या विणीचं, जास्त पीळ दिलेल्या सुताचं कापड या परीक्षेत पास होतं. ते हाताला कोरडं, किंचित खरखरीत लागतं आणि मुठीत चुरगाळून सोडलं की पुन्हा सरळ होतं. दुकानात त्याला ट्रॉपिकल, हाय ट्विस्ट किंवा फ्रेस्को म्हणतात. फ्रेस्को कधी कधी २८० ग्रॅमचं असतं, तरी २२० च्या घट्ट विणलेल्या गुळगुळीत कापडापेक्षा थंड राहतं. तिरप्या रेघांची वीण, म्हणजे ट्विल आणि गॅबर्डिन, या लग्नापुरती विसरा.

आता धागा. मी शंभर टक्के वूल सुचवणार, आणि "मे महिन्यात लोकर?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. स्वेटरची लोकर वेगळी, पिळाच्या सुताची पातळ वूल वेगळी. साध्या हवामानात १०० ग्रॅम कोरडी लोकर साधारण १६ ग्रॅम ओलावा आत धरते, सुती कापड ८ च्या आसपास, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टरच्या कोटात घाम अंगावरच राहतो. शिवाय तुम्ही नवरीचे भाऊ. लाजाहोमाला तिच्या ओंजळीत लाह्या घालायला होमाशी तुम्हीच बसणार. ठिणगी उडाली तर लोकर जागच्या जागी करपून विझते. पॉलिस्टर वितळतं आणि भोक पडतं. असे बाहीला भोक पडलेले कोट रफूला येतात, आणि वितळलेल्या कडेवर रफू नीट बसत नाही.

किनारीवर 'सुपर १२०' वगैरे छापलेलं दिसेल. तो तंतूच्या बारीकपणाचा आकडा आहे, थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. सुपर १०० ला तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा, पुढे दर दहाला अर्धा मायक्रॉन कमी. बारीक तंतूचं कापड मऊ लागतं, पण लवकर चुरगळतं. धावपळीच्या लग्नाला १०० किंवा ११० पुष्कळ झालं. आणि 'वूल रिच', 'वूल टच' असल्या शब्दांवर जाऊ नका. कडेचे दोन धागे मागून घ्या आणि काडीने पेटवून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरा होते. पॉलिस्टर असेल तर कडक मणी उरतो. खरा व्यापारी धागे द्यायला नाही म्हणत नाही.

बजेट बसत नसेल तर टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर-वूलचं मिश्रण, चालेल, निम्म्याहून जास्त वूल असलेलं आणि विणीच्या परीक्षेत पास झालेलं. स्वस्त पीस बहुतेक पॉलिस्टर-व्हिस्कोसचे असतात. ते डिसेंबरातल्या रिसेप्शनला ठीक.

लिननचं म्हणाल तर कापड म्हणून उत्तम, पण लोक शर्टाचं लिनन घेऊन येतात. ली म्हणजे लिननच्या सुताचा नंबर, जितका मोठा तितकं सूत बारीक. ६० लीचं पातळ लिनन कोट म्हणून उभं राहत नाही. मग मास्टर त्याला पुढून आख्खं फ्युजिंग, म्हणजे गोंद लावलेलं आतलं कापड, चिकटवतो, आणि ज्या हवेसाठी लिनन घेतलं तीच बंद होते. कोटाला २५ ते ४० लीचं, जरा जाडसर घ्या. सुरकुत्या पडणारच, तासाभरात पँटचं बूड आणि गुडघे बोलायला लागतात, आणि फोटो तर जन्मभर राहणार. म्हणून लिननचा नुसता कोट आणि खाली वूलची पँट, हा तोडगा मला आवडतो. खादीचं मन असेल तर कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात कोट आतून ओढला जाईल. सीरसकर, म्हणजे चुरगळल्यासारख्या पट्ट्यांचं सुती कापड, हळदीला छान दिसतं, मुहूर्ताला नाही.

एवढं करून तुम्ही कापड आणलंत आणि आत पॉलिस्टरचं पूर्ण अस्तर लागलं, तर सगळं पाण्यात. लोक कापडावर पैसे ओततात आणि अस्तर मास्टरवर सोडून देतात. मास्टर हाताशी असेल ते लावतो. कोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी घालण्यासारखं आहे ते. अर्धं अस्तर सांगा: खांदे, छातीचा भाग आणि बाह्या. बाह्यांना मात्र पूर्ण हवं, नाहीतर शर्टाची बाही आत अडकते. पाठ खांद्याखाली मोकळी. अस्तर कमी म्हणून शिलाई कमी होईल असं समजू नका. उघड्या शिवणींना आतून पट्टी लावून साफ करावं लागतं, त्यामुळे काम वाढतं आणि मास्टर जास्त मागेल. द्या. अस्तराला क्युप्रो मिळालं तर सोनं. जपानचं बेंबर्ग म्हणून येतं. सरकीला चिकटून राहिलेल्या बारीक तंतूंपासून ते बनतं, आमच्या विदर्भातल्या माणसाला सरकी काय ते सांगायला नको. ते नाही मिळालं तर व्हिस्कोसचं अस्तर.

दुसरा प्रश्न मास्टरला विचारायचा: फ्युजिंग की कॅनव्हास? फ्युजिंग गोंदाने चिकटतं. जाळीदार पातळ कापडात तो गोंद वर उमटतो, पुढे फुगे येतात, आणि छातीवर हवेला वाट राहत नाही. कॅनव्हास म्हणजे कोटाच्या आत गोंदाशिवाय टाक्यांनी धरलेलं कापड. निदान अर्धा कॅनव्हास घ्या. खांद्याचे पॅड पातळ, मागे दोन व्हेंट, म्हणजे खालून उघडे काप. अंगाला घट्ट शिवायची फॅशन आहे, पण कापड आणि अंग यांच्यात हवा खेळायला जागा हवी. मांडीत सैल ठेवा, पुढे एक प्लीट (चुणी) घातली तर उत्तमच.

रंग फिका घ्या, राखाडी नाहीतर आकाशी. फिक्या, मोकळ्या विणीच्या पँटमधून पांढरा खिसा बाहेरून चक्क चौकोन दिसतो. खिशाचं कापड पँटच्याच रंगाचं लावायला आधी बजावून ठेवा.

लग्नसराईत मास्टर लोकांचा श्वास अडकलेला असतो, म्हणून पीस मार्चमध्येच द्या. कच्ची ट्रायल अस्तर लागायच्या आधी मागा, लग्नात घालायचे बूट घालून जा, आणि आरशासमोर नुसते उभे राहू नका: मांडी घालून बसा, दोन्ही हात पुढे करा.

टू-पीसला साधारण सव्वातीन मीटर लागतं. एकाच थानातून आणखी सव्वा मीटर फाडून घ्या आणि दोन पँटी शिवा. कोटाच्या कितीतरी आधी पँट जाते, आणि नंतर त्याच छटेचं कापड मिळत नाही.