इंदूरमध्ये बसून छोटे गेम बनवणारे आणि ते खेळणारे यांचा ऑनलाइन समूह उभा करता येईल का?

तुम्ही दोघं मित्र भंवरकुआंला खोली घेऊन राहता, अँड्रॉइडसाठी गेम करताय आणि तुमच्यासारखे स्वतंत्र डेव्हलपर व खेळाडू यांना जोडणारा ऑनलाइन समूह काढायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू, व्हॉट्सॲप की डिस्कॉर्ड (विषयवार वेगवेगळ्या खोल्यांत गप्पा मारायचं ॲप), आणि इंदुरात असे खेळाडू भेटतील का, असे तुमचे तीन प्रश्न.

भेटतील. मी लोकमान्य नगरात राहते, दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि काही वर्षांपासून असाच एक लहान समूह सांभाळते. त्या अनुभवावरून एक गोष्ट अगदी ठासून सांगते: आधी खेळणारे जमवा. बनवणारे बोलवावे लागत नाहीत. प्रत्येकाला डाउनलोड हवेत, रिव्ह्यू हवेत, त्यामुळे नवा समूह निघाल्याचं कळलं की ते स्वतःहून येतात. पण नुसते डेव्हलपर जमले की काय होतं, तर जो तो आपली लिंक टाकतो आणि दुसऱ्याची कुणी उघडत नाही. महिनाभरात समूहात फक्त लिंका उरतात.

आपल्या शहरात 'सानंद' या मराठी सांस्कृतिक संस्थेची नाटकं बघायला जाणारं एखादं तरी घर तुमच्या ओळखीत असेलच. तिथे माणसं आधी सभासद होतात, गट ठरतो, आणि मग नाटक येतं. प्रेक्षक बांधलेला असतो, म्हणून मुंबई-पुण्याहून नाट्यसंस्था निश्चिंत मनानं इथपर्यंत येतात. तुम्हाला नेमकं हेच करायचं आहे. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ पक्की करा, त्या दिवशी एकच गेम, आणि तो खेळायला दहा-बारा माणसं नक्की हजर. एवढं जमलं तर डेव्हलपर तुमच्याकडे रांग लावतील.

ही दहा-बारा माणसं कोण? तुमच्या डोळ्यापुढे बहुतेक रात्रभर बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत चालणारे लढाईचे गेम, खेळणारी मुलं असतील. ती घ्या, पण फक्त तीच नकोत. कोचिंगच्या दोन बॅचच्या मधे अर्धा तास मोकळी असलेली मुलगी, दुपारी शब्दकोडी सोडवणाऱ्या काकू, दुकानावर बसून लुडो खेळणारा भाऊ, हे लोक छोट्या गेमसाठी जास्त कामाचे. त्यांना गेमचे ठरलेले संकेत पाठ नसतात. त्यांना कळलं नाही तर ते सरळ सोडून देतात, आणि कुठे सोडलं हेच तर तुम्हाला हवं असतं.

एक उदाहरण डोळ्यांनी पाहिलेलं. एका मुलानं कोड्यांचा गेम आणला होता. पहिल्याच पडद्यावर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक लुकलुकणारा बाण होता, तो दाबला की पुढे जायचं. त्यानं सगळं काम संगणकावर माउसनं तपासलेलं. आमच्याकडच्या एका काकूंनी फोन उजव्या हातात धरला आणि त्यांचा अंगठा नेमका त्या बाणावर आडवा आला. टेकला नव्हता, नुसता वर होता. बाण झाकला गेला. त्या चित्रातल्या झाडाला, दाराला, ढगाला डाव्या बोटानं दाबून पाहत राहिल्या, मग "हा बिघडलाय वाटतं" म्हणून फोन खाली ठेवला. तो मुलगा शेजारी बसून सारखा "तिकडे, तिकडे" म्हणायला बघत होता, मी त्याला गप्प बसवलं. त्यानं त्याच रात्री बाण वर सरकवला. नुसत्या कमेंटमध्ये हे त्याला कधीच कळलं नसतं, कारण काकूंनी फार तर "गेम चालत नाही" एवढंच लिहिलं असतं.

म्हणून ऑनलाइन भेटत असाल तरी खेळणाऱ्याला स्क्रीन रेकॉर्ड करायला सांगा. जमल्यास पडदा सगळ्यांना दिसेल असा शेअर करू द्या आणि बनवणाऱ्याचा माइक बंद ठेवा. हा नियम कडक पाळा. प्रश्नही साधे विचारा: कुठे थांबलात, त्याआधी काय करायला बघत होता, दुसऱ्या दिवशी परत उघडलात का. "कसा वाटला?" असं विचारलं की आपली माणसं सभ्यपणे "छान आहे" म्हणतात आणि विषय संपतो.

यापुढची पायरी बहुतेक समूह गाळतात, आणि माझ्या मते तिथेच ते मोडतात. खेळणाऱ्यानं वेळ काढून काही सांगितलं तर त्याला उत्तर गेलं पाहिजे. "बघतो" हे उत्तर नव्हे. पुढची आवृत्ती आली की तिच्यासोबत कोणी काय सांगितलं आणि त्यातून काय बदललं ते लिहा. काही बदललं नसेल तर का नाही, तेही लिहा. आपल्या बोलण्यानं गेम हलला हे एकदा दिसलं की माणूस पुढच्या वेळी न बोलावता येतो. 'फॅक्टोरिओ' हा गेम बनवणाऱ्या झेक प्रजासत्ताकातल्या चमूनं २०१३ पासून शुक्रवारी आपल्या कामाचा हिशोब लोकांपुढे मांडायला सुरुवात केली: कुठला बग, म्हणजे बिघाड, सापडला, कुठली कल्पना का सोडली. गेमची १.० आवृत्ती २०२० च्या ऑगस्टमध्ये आली. इतकी वर्षं खेळणारे टिकले, यात त्या शुक्रवारांचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

तुमच्या कामाची एक अगदी व्यवहाराची गोष्ट. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना गूगल प्ले थेट गेम प्रसिद्ध करू देत नाही. आधी बंद चाचणी, म्हणजे तुम्ही बोलावलेल्या मोजक्याच लोकांपुरती चाचणी, घ्यावी लागते. सुरुवातीला २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२ लागतात, आणि ते सलग १४ दिवस चाचणीत नोंदलेले राहिले पाहिजेत. शिवाय प्रसिद्धीची परवानगी मागताना टेस्टरांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय सुधारलं हेही विचारतात. एकट्या मुलाला हे १२ जण जमवताना घाम फुटतो. मग तो भावाचे, आत्याचे, रूममेटचे ईमेल टाकतो, ते गेम उघडतही नाहीत. तुमच्या समूहात खरोखर खेळणारे १२ जण असतील, तर कुठल्याही नव्या डेव्हलपरला यापेक्षा मोठी मदत नाही. बदल्यात त्याच्याकडून एक अट मान्य करून घ्या: आपला गेम मांडण्याआधी दुसऱ्या दोघांचे गेम खेळून त्यावर लिहायचं. या एका अटीनं लिंक टाकून पळणारे आपोआप गळतात.

गेम अजून कच्चा असेल तर प्ले स्टोअरपर्यंत जाऊच नका. इच डॉट आयओवर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती फुकट चढवता येते. लिंक दाबली की खेळ सुरू, इन्स्टॉल करायला नको. २०१३ पासूनची ही साइट स्वतंत्र डेव्हलपरांसाठीच आहे, आणि विक्रीतला किती वाटा साइटला द्यायचा हे तिथे बनवणारा ठरवतो.

मराठीत गेम करणार असाल तर थोडं इकडे लक्ष द्या. बरीच इंजिनं, म्हणजे गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर, देवनागरी मोडून दाखवतात. 'विहीर' लिहिलं तर पहिली वेलांटी 'व'च्या आधी न येता नंतर येते आणि 'ह'च्या डोक्यावर बसते. 'रस्ता'मधला 'स' पाय मोडून वेगळा उभा राहतो. युनिटी या इंजिनातलं अक्षरं दाखवायचं नेहमीचं साधन, टेक्स्टमेश प्रो, ही अक्षरजोडणी स्वतःहून करत नाही. गोडो हे दुसरं इंजिन मोफत आहे, आणि मार्च २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ही जोडणी नीट होते. अशा चुका मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खुपतात. इंदूरच्या मराठी घरांतले खेळाडू इथे फार उपयोगी पडतात, कारण ते मराठी आणि हिंदी दोन्ही आवृत्त्या एकाच बैठकीत तपासून देतात.

व्हॉट्सॲप की डिस्कॉर्ड? बोलावणं व्हॉट्सॲपवर, काम डिस्कॉर्डवर. माणसं व्हॉट्सॲपवर आधीच आहेत, "आज संध्याकाळी सात" हा निरोप तिथेच पोचतो. पण तिथल्या ग्रुपात प्रत्येकीचा नंबर अनोळखी माणसांच्या हाती जातो, आणि चार गेमची चर्चा एकाच धाग्यात कालवली जाते. डिस्कॉर्डवर टोपणनाव चालतं, प्रत्येक गेमला वेगळी खोली करता येते, आणि नव्यानं आलेल्याला मागचं सगळं वाचता येतं. काकूंना ते शिकवायला एक संध्याकाळ लागेल. द्या ती.

नंबरावरून आठवलं. मुली समूह सोडतात तेव्हा भांडून जात नाहीत, गुपचूप जातात. रात्री खाजगीत आलेला एखादा मेसेज त्याला पुरेसा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून देखरेखीला किमान एक बाई हवी, तक्रार कुणाकडे करायची ते वरच लिहिलेलं हवं, आणि तक्रार आली की त्याच दिवशी कारवाई हवी, मग समोरचा कितीही चांगला डेव्हलपर असो. शाळकरी मुलंही येतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती सांगितली आहे. तेव्हा शाळा, जन्मतारीख, पत्ता असले फॉर्म भरून घेऊच नका. पैसे लावून खेळायच्या ॲपवाले जाहिरातीचे पैसे देऊ करतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

सुरुवातीला कॉलेजच्या फेस्टमध्ये एक टेबल मांडा. पोस्टर नको, दोन-तीन फोन ठेवा, त्यातला एक तरी जुना आणि स्वस्त असू द्या, कारण बहुतेकांच्या हाती तसाच असतो. जो पाच मिनिटं खेळेल त्याला पुढच्या बैठकीचा वार सांगा आणि तिथल्या तिथे डिस्कॉर्डवर जोडून घ्या. "नंतर जॉइन करतो" म्हणणारे सहसा येत नाहीत. पहिल्या बैठकीला चौघंच आले तरी ती पुढे ढकलू नका, ठरल्या वेळी सुरू करा आणि पहिला गेम तुमचाच ठेवा.