आधी पाळायला शीक

चि. विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. प्रबंधाला विषय मिळाला ‘साठवलेल्या धान्यातले पतंग’ आणि तू हिरमुसलीस, हे ओळींतून कळलं. मैत्रिणींना बोंडअळी, लष्करी अळी मिळाली, आणि आपल्या वाट्याला रव्यातली पाखरं! अगं, पण अळ्या मारणारं ते बीटी कुठून आलं ते आठव. 1911 साली जर्मनीत बर्लिनर यांनी पिठाच्या पतंगाच्या रोगट अळ्यांमधून एक जिवाणू वेगळा केला. अळ्या थुरिंजिया प्रांतातल्या एका गिरणीतल्या, म्हणून जिवाणूचं नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी. पुढे 1985 साली अमेरिकेत कॅन्ससच्या मॅक्गॉही यांनी दाखवलं, की बीटी मिसळलेल्या धान्यावर काही पिढ्या वाढवला की प्लोडिया हा धान्यातला पतंग त्याला दाद देईनासा होतो. आपल्याकडे या जिवाणूचं जनुक घातलेला बीटी कापूस आला 2002 मध्ये. विदर्भात गुलाबी बोंडअळीही नंतर बीटीला दाद देईनाशी झाली, त्याची वर्दी या धान्यातल्या पाखराने कितीतरी आधी दिली होती.

आता कामाचं. पहिले तीन महिने काहीही मारू नकोस. कॉर्सायरा पाळ. तांदळातलं ते राखाडी-तपकिरी, अंगावर नक्षी नसलेलं पाखरू. तुमच्या विभागात ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या अंड्यांत अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीची कार्डं, बनवत असतील तर पाळणखोली असणारच, तिथल्या मदतनीस बाईंच्या हाताखाली बस. बाजरी किंवा ज्वारी भरडायची, तापवून निर्जंतुक करायची, गार झाली की थोडा शेंगदाण्याचा कूट आणि यीस्ट घालायचं, बारीक कोळी (माइट) होऊ नयेत म्हणून चिमूटभर गंधक, मग वरून अंडी भुरभुरायची. टबावर कापड घट्ट बांधायचं. 28-30 अंश तापमानात चारेक दिवसांत अंडी फुटतात, भरड्यात जाळी दिसू लागते, आणि साधारण चाळीस दिवसांनी कापडाखाली पाखरं बसलेली सापडतात. नर-मादी ओळखायला तोंडापुढचे स्पर्शक बघ: मादीचे लांब, पुढे आलेले, नराचे आखूड. शंभर पाखरं बघितलीस की भिंग लागणार नाही.

मास्क मात्र पहिल्या दिवसापासून. पंखांवरची खवल्यांची धूळ हवेत तरंगत राहते. मी ऐन उमेदीत मास्क टाळला, त्याचा खोकला अजून सोबत आहे.

एक घन सेंटिमीटर अंडी म्हणजे सोळा ते वीस हजार. ती अतिनील दिव्याखाली धरतात, म्हणजे आतला गर्भ मरतो पण अंडं टिकतं. मग कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाला देतात. दिवा नीट लागला नाही तर उरलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि शेजारची, ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी खाऊन टाकतात. उसाच्या खोडकिडीसाठी शेतकरी जे कार्ड पानाला टाचतो, त्यामागे आपली ही धान्यातली कीड उभी आहे. आणि एक दिवस खोलीत छोटी गांधीलमाशी शिरेल, ब्रॅकॉन. ती अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. गोदामात ती आपली मैत्रीण, पाळणखोलीत मात्र दोन आठवड्यांत टबच्या टब रिकामे करते. कोण मित्र आणि कोण शत्रू, हे खोली बदलली की बदलतं. ते मला पुस्तकात नाही, त्या खोलीत कळलं.

दुसरं, ओळख पटवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मी एकदा तांदळाच्या एका गोदामात कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नरांना ओढणारे सापळे, टांगले. पंधरा दिवस एकही पतंग नाही. वहीत लिहिलं, ‘प्रादुर्भाव नाही.’ हमालांनी थप्पीतलं पोतं हलवलं तर खाली जाळ्यांचे लगदे! सापळ्यातला गंध होता प्लोडियाच्या मादीचा, तो एफेस्टियाला, म्हणजे पिठाच्या पतंगालाही चालतो. गोदामात होता कॉर्सायरा, आणि त्याच्यात गंध सोडून बोलावण्याचं काम मुख्यतः नर करतो, तेही वेगळ्या रसायनाने. हमाल हसले, मी लाजले, आणि ती नोंद खोडली. प्लोडियाचा पंख मुळाशी फिकट, पुढे तांबूस, हे लक्षात ठेव. त्याला इंग्रजीत ‘इंडियन मील मॉथ’ म्हणतात, पण त्यातलं इंडियन आपल्या देशाचं नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून ते आलं.

तिसरं, कडुलिंबाचा अर्क, पेट्री डिश, दहा अळ्या, चोवीस तास, मृत्युदर. असले प्रबंध कपाटं भरून आहेत, तू त्यांत भर घालू नकोस. अर्क वाईट म्हणून नाही. आपल्या आज्या कणगीत पाला घालतच होत्या. प्रश्नच अर्धा असतो म्हणून. अळ्या किती मेल्या, यापेक्षा त्या धान्यातून पुढची पिढी किती निघाली, ते मोज. गोदामात धुरी देतात त्या फॉस्फीन वायूचंही तेच. अळी आणि पतंग लवकर मरतात. अंडी आणि कोष चिवट असतात. दुसऱ्या दिवशी पोतं उघडून मेलेल्या अळ्या मोजणारा खूश होतो, महिन्याभराने पाखरं पुन्हा उडतात. म्हणून चाचणीनंतर धान्य निदान पंचेचाळीस दिवस ठेव. नियंत्रण गटातला, म्हणजे औषध न दिलेल्या अळ्यांतला मृत्यू वीस टक्क्यांवर गेला तर प्रयोग सरळ पुन्हा कर, तो मृत्यू हिशेबातून वजा करणाऱ्या ॲबटच्या सूत्राने झाकू नकोस.

त्या फॉस्फीनच्या गोळ्या वसतिगृहात, घरात कुठेही आणायच्या नाहीत. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो, आणि त्याला माणूस आणि कीड यातला फरक कळत नाही. धुरी देणारा प्रशिक्षित माणूस बरोबर असेल तेव्हाच कामाला हात लाव.

सुट्टीला घरी गेलीस की आईच्या डब्यांत पाखरं सापडतात का बघ. चपलेने मारत बसू नकोस: धान्य खाते ती अळी, पाखरू उडालं म्हणजे नुकसान झालेलंच असतं. आणि कोष डब्यातच शोधू नकोस. प्लोडियाची अळी कोष करायला दूर जाते, छताच्या कोपऱ्यात, कपाटाच्या बिजागरीत सापडेल. दोन-चार पाखरं काडेपेटीत घालून आण, पण आधी वहीत लिही, कुठल्या धान्यात, कुठल्या तारखेला. पहिल्या टबावरच्या चिठ्ठीचा फोटोही पाठव. तारीख विसरलेला टब मी आजवर कुणालाच माफ केलेला नाही.

तुझ्या,
बाई